अर्ध्या वावराचं औषध

रखमीचा नवरा गेला तेव्हा पाड्यातल्या लोकांनी या घराला फार तर एक वर्ष दिलं होतं. दोन लेक, दोन सुना. पुढच्या भातकापणीपर्यंत चुली दोन होणार, असं जो तो कुजबुजत होता. रखमीच्या कानावर ते गेलं. दिवसकार्याच्या पंगतीतच तिने सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं, "मी जिती असेपर्यंत या घरात दुसरी चूल पेटायची नाही. कुणाला घाई असेल त्याने आधी मला पेटवावं."

त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. आजूबाजूच्या घरांतले भाऊ वेगळे झाले, अंगणांत कूड उभे राहिले. तलासरीच्या पूर्वेला, डोंगराच्या पायथ्याशी असलेल्या या घरात मात्र चूल एकच राहिली. ती मायेने राहिली असं कुणी म्हणणार नाही. रखमीच्या जिभेच्या धाकाने राहिली.

वावर तिने वाटून दिलं होतं, तेही तोंडी. ओहोळाच्या कडेची खलाटी, सखल भातजमीन, मधल्या बांधाने दोन झाली होती. उगवतीची बाजू थोरल्या चिमणची, मावळतीची धाकट्या उमेशची. कष्ट ज्याचे त्याने करायचे, पीक एकाच कणगीत यायचं. ओहोळ मावळतीच्या बाजूला जवळ होता आणि तिथली माती भात निघाल्यावरही ओल धरून राहायची. ती बाजू धाकट्याला का, हे चिमणने कधी विचारलं नाही. तो विचारणाऱ्यांतला नव्हताच. रखमीला थोरला लेक म्हणजे घराचा खांब; आणि खांबाला कुणी जेवलास का म्हणून विचारत नाही. उमेश दहावी शिकलेला, तोंडाळ, थेट आईवर गेलेला. त्याने उलटून उत्तर दिलं की रखमी त्याला शिव्या घालायची आणि मनातून सुखावायची.

बटाट्याचं खूळ अर्थातच उमेशचं. दोन हजार सतराची दिवाळी होऊन गेली होती. डहाणूच्या बाजारात त्याची एका टेम्पोवाल्याशी ओळख झाली, तो गुजरातेतून डीसाचा बटाटा आणायचा. त्याच्याकडून उमेशने बियाण्याची पोती आणली आणि अंगणात ओतली.

"भात काढलं की जमीन उताणी पडून राहते," तो म्हणाला. "दोन्ही बाजूंना लावू. दादा, तू पण."

"बटाटा इथं होतो का?" चिमणने विचारलं.

"होत नाही, कारण कुणी लावत नाही."

"आणि कुणी लावत नाही, कारण होत नाही," रखमी म्हणाली. "आमचे बाप-आजे काय झोपले होते?" पण म्हणता म्हणता ती विळी घेऊन बसलीसुद्धा. धाकट्याची हौस होती ना. प्रत्येक फोडीला एक डोळा राहील अशा बेताने तिने पोतीच्या पोती चिरली. सुना, थोरली नवशी आणि धाकटी दक्षा, राख लावून फोडी पसरत होत्या.

बटाटा उगवला आणि असा उगवला की पाड्यातली माणसं मुद्दाम बांधावरून जाऊ लागली. काकड्या शेजारी तर रोज यायचा. "रखमीबाय, औंदा तू वडापावची गाडी टाकतेस वाटतं," म्हणायचा. रखमी म्हणायची, "टाकीन. पण तुला उधार नाही."

मग एका दुपारी चिमणच्या बाजूची काही झाडं मान टाकून उभी दिसली. पानं हिरवीगार, पिवळेपणाचा ठिपका नाही, पण लोंबलेली. संध्याकाळी ती पुन्हा ताठ झाली. दुसऱ्या दुपारी पुन्हा लोळली, आणि दोन-चार दिवसांत लोळलेली उठेनात. मग उमेशच्या बाजूलाही तेच सुरू झालं. पाणी दिलं तर जास्तच. रखमीने आधी काकड्याच्या नजरेला दोष दिला, मग टेम्पोवाल्याला, मग दक्षाने दातांची राखुंडी आणि बियाण्याची राख एकाच डब्यातून घेतली म्हणून दक्षाला.

उमेश तलासरीच्या शेतकरी मेळाव्याला गेला आणि तिथून वर्षा मॅडमना घेऊन आला. शेतकी कॉलेजातली मुलगी, सडपातळ, पायात मोठाले बूट. तिने एक लोळलेलं झाड उपटलं, खोडाचा तुकडा तिरका कापला आणि काचेच्या पेल्यातल्या पाण्यात अलगद धरला. जरा वेळाने खोडातून दुधासारखा पांढरा धागा सुटून खाली उतरू लागला.

"हे बघा, आजी. हा मर रोग आहे."

"आजी कुणाला म्हणतेस? मावशी म्हण. माझा सगळ्यात थोरला नातू अजून नाकात बोटं घालतो."

मॅडम हसली. "मावशी, हा पांढरा धागा म्हणजे सगळे जिवाणू. डोळ्यांना न दिसणारे, पण लाखांनी आहेत म्हणून असे दिसतात. मुळांतून शिरतात, खोडातल्या नळ्या तुंबवतात. पाणी खाली भरपूर, पण वर पोचत नाही. झाड तहानेनं मरतं."

हे रखमीला पटलं. गावच्या नळाचं तिने तसंच होताना पाहिलं होतं.

"याच्यावर फवारणी नाही," मॅडम उमेशला म्हणाली. "पण आम्ही एका औषधावर काम करतोय. पुढच्या आठवड्यात घेऊन येते. खात्री देत नाही."

मॅडम सांगितल्या दिवशी आली ती पांढरी थर्माकोलची पेटी घेऊन. वाटेत गाडी बिघडल्याने पेटीतला बर्फ विरघळून गेला होता. औषध दोनदा द्यायचं होतं, एकदा आज आणि एकदा काही दिवसांनी, आणि दुसऱ्या वेळचं थंड ठेवायलाच हवं होतं. उमेशने मोटरसायकल काढली आणि बर्फ आणायला डहाणूला पळाला. तो गेला, आणि जे व्हायचं ते तो नसताना झालं.

ऊन कललं. मॅडम म्हणाली, "आता थांबून चालणार नाही. उन्हात हे मरतं म्हणून थांबले होते, पण मला परत जायचंय. पहिला हात आत्ताच देऊ." चिमण दोरीचं टोक धरून बांधावर उभा होता, मॅडम वाफे मोजत होती आणि रखमी कमरेवर हात ठेवून देखरेख करत होती.

"औषध म्हणजे आहे तरी काय?" रखमीने विचारलं.

"विषाणू आहे, मावशी. जमिनीत दिला की तो या जिवाणूंना शोधून मारतो." मॅडम पुढेही बरंच बोलली. बोर्डीकडच्या एका वांग्याच्या शेतातल्या पाण्यात तो सापडला, माणसाला गुराला काही करत नाही, असं काहीबाही. पण रखमीचे कान 'विष' या दोन अक्षरांवरच अडकले होते. विष तिला ठाऊक होतं. गेल्या साली काकड्याने गवत मारायचं कसलंसं औषध आणून मारलं, तर गवताबरोबर त्याचं भातही भाजल्यासारखं झालं होतं. आता ही पोरगी हसत हसत विष घेऊन आली होती आणि तेही मुळाशी ओतायला.

"आणखी एक," मॅडम म्हणाली. "औषध एकाच बाजूला द्यायचं. दुसऱ्या बाजूला नुसतं पाणी. नाहीतर औषधाने फरक पडला की आपोआप, ते कळायचं कसं? कुठली बाजू, ते तुम्ही सांगा. मला दोन्ही सारख्या."

रखमीला दोन्ही सारख्या नव्हत्या.

विषाणू म्हणजे काय गं, एवढं विचारलं असतं तर झालं असतं. शब्द जिभेवर आला होता. पण आजवर या बाईने न कळलेला शब्द कुणाला विचारला नव्हता. बँकेत नाही, दवाखान्यात नाही, तलाठ्यापुढे नाही. विचारणं म्हणजे भर बाजारात पदर सुटणं. कळलं नाही की मान हलवायची आणि हुकूम सोडायचा, या रीतीवर तिने सारा संसार रेटला होता. ना म्हणावं तर ही बाई उमेशने आणलेली. तो घरी येऊन थयथयाट करणार. मग एकच उरलं.

"उगवतीच्या बाजूला दे," ती म्हणाली. "चिमणच्या."

चिमणने दोरी खाली ठेवली आणि औषधाचे डबे उचलले. प्रत्येक झाडाच्या बुडाशी मगाने औषध त्यानेच घातलं, वाकून, एकही झाड न चुकवता. मॅडम म्हणाली, "तुमचा मुलगा फार नीट काम करतो." रखमी म्हणाली, "त्याला दुसरं येतंय काय?"

उमेश बर्फ घेऊन आला तेव्हा काम उरकलं होतं. बंदरावरचा बर्फ, पोत्यातून पाणी गळत होतं आणि अंगणभर बोंबलाचा वास सुटला होता.

"माझ्या बाजूला नाही दिलं?" त्याने विचारलं.

"आईंनी उगवतीची बाजू सांगितली," मॅडम म्हणाली.

उमेशने आईकडे पाहिलं. "मॅडमना मी आणलं. बर्फ मी आणला. आणि औषध दादाला?"

"मी सांगितलं, झालं," रखमी म्हणाली. "तुझ्या भल्याचं तुला कळत नाही." तिला वाटलं, चार दिवस जाऊ दे. उगवतीची बाजू करपली की हा आपोआप पाया पडत येईल.

चार दिवस गेले, आठ गेले. दुसरा हातही देऊन झाला. रखमी रोज सकाळी बांधावर जाऊन चिमणच्या बाजूकडे बघायची, कडेपासून जळायला लागलं का म्हणून. जळलं काहीच नाही. जी झाडं आधीच लोळली होती ती गेली, पण नवी लोळेनात. उरलेली उन्हातही ताठ उभी राहू लागली, खालून नवा फुटवा आला. बांधाच्या अलीकडे मात्र उमेशच्या बाजूची मर वाफ्यामागून वाफा खात चालली होती.

मॅडम मोजणीला आली तेव्हा तिच्या तोंडावर आनंद मावत नव्हता. रखमीने तिला बाजूला घेतलं.

"आता या बाजूला पण दे."

"मावशी, या बाजूला नाही देता येणार. ही बाजू तशीच ठेवायचं ठरलंय ना? दोन्हीकडे दिलं तर मी कॉलेजात काय दाखवू?"

"दोन लेकरं एकाच तापाने पडलेली. एकाला दवा पाजायची आणि दुसरं मरतंय का ते बघत बसायचं. हे शिकवतात तुमच्या कॉलेजात?"

मॅडमच्या तोंडावरचा आनंद गेला. "तुमचं चुकत नाही," ती हळूच म्हणाली. "पण आता देऊनही ही बाजू वाचायची नाही, फार पुढे गेलीय. पुढच्या साली दोन्हीकडे देऊ. लावण्याआधीच." मग रखमीला बरं वाटावं म्हणून ती समजावू लागली. सर्दी-पडसं होतं ना, ते ज्याने होतं तो पण विषाणूच, मावशी. तसाच हा, फक्त याला त्या जिवाणूशिवाय दुसरं काही लागत नाही. त्याच्या पोटात शिरतो, तिथेच याची पिलावळ होते, पोट फोडून सगळी बाहेर पडतात आणि पुढच्याला धरतात. जिवाणू संपले की हाही संपतो.

म्हणजे उंदराच्या बिळात शिरून तिथेच विणारी मांजर. विष नव्हेच. रखमी मान हलवत राहिली. मग चिमणच्या हिरव्या बाजूकडे पाठ करून ती घरी निघाली.

त्या दिवसापासून घरातलं वारं फिरलं. उमेश आईशी बोलेनासा झाला. दक्षा भांडी आपटू लागली. आणि चिमणची बायको नवशी, जी लग्न होऊन आल्यापासून सासूसमोर डोळे वर करत नव्हती, ती एक दिवस म्हणाली, "आये, तू बसून राहा, पाणी मी आणते. तू आमच्या बाजूचं बघितलंस." रखमीला ती माया निवडुंगासारखी टोचली. पण तिने हंडा खाली ठेवला आणि ती बसली. दुसरं करणार काय? खरं सांगावं तर थोरल्याचं काळीज फाटणार, न सांगावं तर धाकटा हातचा जाणार. आयुष्यात पहिल्यांदाच तिला बोलायला शब्द होता आणि बोलायची सोय नव्हती.

बटाटा काढायची वेळ आली. चिमणच्या बाजूने पाटीमागून पाटी निघाली. फार मोठा नाही, पण घट्ट, स्वच्छ. उमेशने आपल्या बाजूला कुदळ घातली तर मातीतून आधी वास आला. बटाटा हातात घेतला की बोटं आत जात होती. दहा-बारा वाफे उकरून त्याने कुदळ तिथेच टाकली आणि घरी येऊन ओट्यावर बसला.

त्या दुपारी नवशीने नव्या बटाट्याचं कालवण केलं होतं, सुकट घालून. सगळे बसले. दक्षाने उमेशपुढे ताट ठेवलं. त्याने ते हाताने सरकवलं.

"मला नको."

"का? सुकट आवडत नाही आता?" रखमी म्हणाली.

"दादाच्या बटाट्यावर मी जगणार नाही. उद्यापासून आमची चूल वेगळी. दक्षा, तुला सांगितलंय ना?"

दक्षाच्या तोंडावरून कळत होतं की हे आधीच ठरलेलं होतं.

"दुसरी चूल या घरात होणार नाही," रखमी म्हणाली.

"तू नको सांगू. कोणी जगायचं, कोणी मरायचं ते तू बांधावर उभी राहून ठरवलंस. थोरल्याला औषध, धाकट्याला पाणी. लहानपणापासून लोक म्हणायचे, उम्या आईचा लाडका. बघितला तुझा लाड."

इतर कुणी काही म्हटलं असतं तर रखमीने ते जिरवलं असतं, पण हे तिला जिरवता आलं नाही. सगळ्या जन्मात ज्याच्यासाठी तिने तराजू वाकडा धरला, तोच तिला तराजू वाकडा होता म्हणत होता, आणि उलट्या बाजूला. जीभ तिच्या आधी धावली.

"अरे मुडद्या, मला ते विष वाटलं होतं," ती म्हणाली. "ती बाई विष म्हणाली. तुझं पीक जळू नये म्हणून मी ते तुझ्या बाजूला येऊ दिलं नाही. तुला वाचवायला तिकडं घातलं मी."

बोलून झालं आणि मग तिला चिमण दिसला. तो समोरच बसला होता. हातातला भाकरीचा तुकडा त्याने कालवणात बुडवलेला होता.

उमेशचं तोंड उघडं राहिलं. त्याला हवं होतं ते उत्तर मिळालं होतं, आणि ते आता त्याला गिळता येईना. "तुला विचारायला काय झालं होतं, आये?" तो शेवटी पुटपुटला. "एक शब्द विचारायचा होतास."

नवशीने पदर तोंडाला लावला. चिमणने तुकडा खाल्ला, ताटातलं उरलेलं संपवलं, ताटातच हात धुतला.

"मला ठाऊक होतं," तो म्हणाला.

"काय ठाऊक होतं?" रखमीने विचारलं.

"मी दोरी धरून तिथेच होतो की. मॅडम विषाणू म्हणाल्या तेव्हा तू माझ्या बाजूकडे बघितलंस. विषाणू काय असतं ते मला तरी कुठे ठाऊक होतं? मी पण विषच समजलो."

"मग ओतलंस कशाला? तोंड नव्हतं तुला?"

"तू दिलंस म्हणून ओतलं." तो नेहमीसारखाच हळू बोलत होता, गुरांना बोलावं तसा. "तू जे देशील ते मी कधी टाकलं नाही, आये. आणि खरं सांगू? ओतताना मला बरं वाटत होतं. म्हटलं, जळू दे सगळं. सगळं जळलं की पाड्यादेखत तुला एकदा तरी म्हणावं लागेल, चिमण, माझं चुकलं. तेवढं ऐकायला मिळालं असतं तर पीक गेल्याचं मला काही नव्हतं." त्याने ताट उचलून बाजूला ठेवलं. "पण ते औषध निघालं. पीक वाचलं, आणि ते राहून गेलं."

आता बोलायचं होतं. सगळी घरची माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती, चिमण सोडून. तो दाराबाहेर बघत होता. तीन शब्द होते, आणि तेही त्यानेच तिच्या हातात आयते ठेवलेले. रखमीने तोंड उघडलं आणि तिच्या तोंडून आलं, "बटाटे तर झाले ना तुझे? मग रडतोस कशाला?"

चिमणने मान हलवली, जणू त्याने सांगितलेल्या किमतीला दुकानदार नाही म्हणाला होता. "रडत नाही," तो म्हणाला आणि उठला.

दुसऱ्या दिवशी चूल झाली ती उमेशची नाही, चिमणची. घराच्या उगवतीच्या अंगाला, गोठ्याच्या पडवीत. नवशीने ओहोळाची माती आणून स्वतः थापली. भांडण झालं नाही, वाटणी झाली नाही. चिमणने आपल्या हाताने बटाट्याच्या निम्म्या पाट्या उमेशच्या दारात नेऊन ठेवल्या, आणि वेगळं व्हायला निघालेला उमेश त्या मुकाट्याने आत घेऊन गेला. त्याच्याकडे दुसरं होतं काय? रखमीजवळ तोच राहिला, जुन्या चुलीवर, जसा तिने वाचवून ठेवला होता तसा. तो आईशी बोलतो, पण बोलताना तिच्याकडे बघत नाही. ज्या बाईने एका लेकाच्या मुळाशी विष ओतवलं, ती पुढेमागे आपल्या मुळाशी काय ओतील याचा हिशेब त्याच्या मनात चालू असावा. दहावी शिकलेला आहे तो.

नवी चूल पेटली तेव्हा पाड्यातली माणसं बघायला आली. काकड्याही आला. "रखमीबाय, ऐकलं ते खरं का?" त्याने विचारलं.

"तुझं भात मेलं तेव्हा मी आले होते का विचारायला?" रखमी म्हणाली. काकड्या गेला.

दुपारी नवशी झाकलेलं ताट घेऊन आली. नागलीची भाकर, बटाट्याचं कालवण. ते तिने ओट्यावर सासूपुढे ठेवलं, पाहुण्यापुढे ठेवतात तसं, आणि ती परत वळली. पडवीत चिमण पोरांना घेऊन जेवायला बसला होता. तिथून त्याची पाठ दिसत होती.

रखमीने घास तोंडात घातला. कालवण चांगलं झालं होतं.

"मीठ नाही याच्यात," ती पडवीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली.

थोड्या वेळाने नवशी मिठाची वाटी घेऊन आली, ताटाशेजारी ठेवली आणि गेली.